एका आंबट बियरसाठी सात आठवडे

आधीच सांगते, मी पिणाऱ्यांपैकी नाही. वर्षातून तीन-चार वेळा, तेही कुठे फिरायला गेलो तर. बियर म्हणजे थंड, पिवळी आणि कडू, एवढंच माझं ज्ञान होतं. त्यामुळे हे जाणकाराचं परीक्षण वगैरे नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये जे काही करून बसले ते करताना मराठीत कुठे धड माहिती मिळाली नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे, कुणाच्या तरी कामी येईल.

८ मार्चला धाकट्या भावाचा फोन आला. तो बेल्जियममध्ये गेंटला असतो. "ताई, एप्रिलमध्ये येऊन राहिलो, काय आणू?" मी सवयीने चॉकलेट म्हटलं. तो म्हणाला, एप्रिलात नागपूरला चॉकलेट आणलं तर चमच्याने खावं लागते, गेल्या वेळी विसरली का. "यावेळी आंबट बियर आणतो. लाकडाच्या पिंपात दोन वर्षं मुरवलेली. तू लोणच्याचा खार पिणारी बाई, तुला आवडेल."

आंबट बियर? नासलेली आणतो का काय, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नवऱ्याचा, आणि तो जास्त कामाचा निघाला. "घरात ठेवायला परवाना लागतो नं?"

मला वाटलं मस्करी करतो आहे. नव्हता करत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे दारू विकत घ्यायला, जवळ बाळगायला, इकडून तिकडे न्यायला आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो. आपण बारला 'परमिट रूम' म्हणतो ते याच परमिटवरून, इतकी वर्षं बोर्ड वाचूनही माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. परवाना एका दिवसाचा मिळतो ५ रुपयांत, वर्षाचा १०० रुपयांत आणि आयुष्यभराचा १००० रुपयांत (मी हे केलं तेव्हाचे दर). बियरसाठी वयाची अट २१, कडक दारूसाठी २५. माझी दोन्ही कधीच ओलांडून झाली, तो प्रश्न नव्हता.

प्रश्न वेगळाच होता. मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. नागपूर म्हणायला मोठं शहर, पण धरमपेठेत शिंकलं की महालातून फोन येतो, सर्दी झाली का म्हणून. मॅडम दारूचा परवाना काढून राहिल्या हे कुणी पाहिलं तर? नवरा म्हणाला सोडून दे, कोण बघायला येते घरात. बरोबर आहे, कुणी येत नाही. पण पोरांना वर्गात नियम सांगायचे आणि घरी असं, ते मनाला पटेना. म्हणून १५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, कानात अजून गुलाबी रंग होता, तशीच लॅपटॉप घेऊन बसले.

अर्ज ऑनलाइन आहे, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या साइटवर. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, आणि एक घोषणापत्र. मी एक वर्षाचा निवडला. आयुष्यभराचा घ्यायचा मोह झाला होता, पण हजार रुपये भरून आयुष्यभर बियर आवडलीच नाही तर? गंमत म्हणजे हा परवाना कागदोपत्री 'आरोग्य राखण्यासाठी' असतो. म्हणजे मी माझ्या तब्येतीसाठी विदेशी मद्य घेणार आहे असं शासनाला लिहून देते आहे. हे मोठ्याने वाचलं तेव्हा नवरा सोफ्यावरून घसरायचा राहिला.

२० मार्चला अर्ज परत आला. चूक माझीच. आधारवर सासरचं नाव, जोडलेल्या दुसऱ्या कागदावर माहेरचं, आणि फोटो ठरवून दिलेल्या साइजपेक्षा मोठा. बायांनो, हे आधी तपासा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर सगळे कागद एकाच नावाचे लावा नाहीतर विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडा. मी फोटो आणि कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून नीट करून घेतले, त्याचे ५० रुपये, आणि २४ ला पुन्हा भरला. खरं तर तेवढ्यावर झालं असतं, पण मला धीर नाही, म्हणून त्याच दिवशी कॉलेजमधून अर्धी सुट्टी टाकून स्कार्फ-गॉगल लावून, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच बाया बांधतात तसा पूर्ण तोंडाला, ऑफिसात जाऊन आले.

आणि तिथे व्हायचं तेच झालं. रांगेत पुढचा माणूस मागे वळला, दोन सेकंद बघितलं आणि "मॅडम, तुम्ही?" २०११ की १२ च्या बॅचचा पोरगा, आता त्याचं हॉटेल आहे, लायसन्सच्या कामासाठी आला होता. स्कार्फमधून कसं ओळखलं बे, तर म्हणे आवाजावरून, "मॅडम तुम्ही टायट्रेशनच्या वेळी ओरडायच्या नं, तो आवाज विसरत नाही." मी खरं काय ते सांगून टाकलं. त्याने अजिबात डोळे मोठे केले नाहीत, उलट माझा अर्ज मोबाइलवर बघून सांगितलं की आता सगळं बरोबर आहे, येणं गरजेचं नव्हतं. टेबलामागच्या बाईंनीही तेच सांगितलं, शांतपणे, जसं काही रोज चाळीशीतल्या मास्तरणी येतात. दोन आठवड्यांचं टेन्शन पंधरा मिनिटांत संपलं. ३ एप्रिलला परवाना आला, डाउनलोड करून प्रिंट काढली. खर्च १०० अधिक ५० अधिक ऑटोचे १४०.

दरम्यान भाऊ विचारत होता की मुंबईला उतरून ट्रेननेच येऊ का, तिकीट स्वस्त पडते. मी नको म्हटलं, त्याचं कारण नागपूरकरांना लगेच कळेल. मुंबईहून नेहमीच्या रेल्वेमार्गाने या की समृद्धीवरून गाडीने या, वर्धा जिल्हा ओलांडल्याशिवाय नागपूर येत नाही, आणि वर्धा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा. (गडचिरोलीतही बंदी आहे, १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली.) सीलबंद बाटली बॅगेत घेऊन नुसतं पुढे जाणाऱ्याला कोण अडवेल, असं तो म्हणत होता. असेलही. पण सेवाग्रामच्या फलाटावर आपली बॅग कुणी उघडली तर, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना, म्हणून विमानाने ये म्हटलं. परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत दारू कस्टम ड्युटी न भरता आणता येते, त्याच्याकडे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, म्हणजे दीड लिटर. विमानात चेक-इन बॅगेत कडक दारूला ५ लिटरची मर्यादा असते, २४ टक्क्यांच्या आतल्या पेयाला धोकादायक सामान म्हणून मर्यादा नाही, आणि बियर होती ६ टक्क्यांची. केबिन बॅगेत मात्र चालणार नाही. त्याने एकेक बाटली जाड मोज्यात घालून, जीन्सच्या पायात सरकवून, दोन्ही टोकांना गाठ मारून आणली. ११ एप्रिलला रात्री सोनेगावला उतरला तेव्हा दोन्ही धड होत्या. मोजे माझ्याकडेच राहिले.

एक बाटली रोडेनबाख ग्रां क्रू. बेल्जियमच्या पश्चिमेकडे, फ्लँडर्समध्ये, रूसेलारे म्हणून गाव आहे तिथली, १८२१ ची ब्रुअरी. दुसरी गूझ नावाच्या प्रकारातली, तिच्याबद्दल शेवटी. दोन्ही मिळून वीस युरोच्या आत बसल्या म्हणाला.

मी लगेच उघडायला निघाले होते. तो म्हणाला थांब, इतका प्रवास करून आली आहे, दोन आठवडे पडू दे. आता एप्रिलात नागपुरात दोन आठवडे बाटली ठेवायची कुठे? बाहेर ४३, घरात दुपारी कपाटातली साडीसुद्धा गरम लागते. कूलर फक्त हॉलमध्ये. शेवटी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या ठेवल्या. दारात ठेवू नका, दिवसातून साठ वेळा उघडते आणि बाटली हलते. उजेडाने बियर बिघडते म्हणून कागद. सासूबाईंनी विचारलं हे काय, मी म्हटलं भावाने आणलेलं सरबत आहे. हे खोटं पुढे अंगाशी आलं.

त्या दोन आठवड्यांत मी अभ्यास केला, मास्तरीणच शेवटी. आणि खरं सांगते, घाबरले ती इथे, परवान्याला नाही. जिथे वाचावं तिथे लोक लिहितात, घोड्याच्या घोंगडीचा वास, बाल्सामिक व्हिनेगर, आंबट चेरी, जुनं चामडं. घोड्याची घोंगडी मी कधी हुंगली नाही. चेरी म्हणजे आपल्याला केकवरची ती लाल साखरेची गोळी माहीत. बाल्सामिक एकदा मॉलमध्ये बघितलं, किंमत वाचून परत ठेवलं. मला वाटलं, आपल्याला यातलं काही येणारच नाही, नाक तयार नाही आपलं.

शास्त्र मात्र समजलं, ते आपल्या घरचंच आहे. ही बियर आधी साध्या बियरसारखीच करतात, मग ओकच्या प्रचंड मोठ्या उभ्या पिंपांत भरून ठेवतात. त्यांना फूडर म्हणतात, त्या ब्रुअरीत अशी २९४ आहेत. लाकडाच्या आत जीवाणू घर करून असतात. एक लॅक्टोबॅसिलसच्या जातीचे, आपल्या दह्यातल्यांचे चुलतभाऊ, ते लॅक्टिक आम्ल करतात. लाकडातून अगदी थोडी हवा झिरपते, तिच्यावर जगणारे दुसरे, ते व्हिनेगरवालं ॲसिटिक आम्ल करतात. आणि ब्रेटानोमायसिस नावाचं एक यीस्ट, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये क्लाउसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये त्याबद्दल सांगितलं, इंग्लंडच्या मुरवलेल्या बियरमध्ये सापडलं म्हणून नावाचा अर्थच ब्रिटिश बुरशी. ते सावकाश काम करतं, बाकीच्यांनी मागे टाकलेली साखर खात बसतं, आणि घोड्याच्या घोंगडीचा जो काही वास आहे तो याचा. ग्रां क्रूमध्ये एक तृतीयांश ताजी बियर आणि दोन तृतीयांश ही दोन वर्षं मुरलेली, असं मिश्रण असतं. म्हणजे आपण जुन्या लोणच्याच्या खारात नवीन फोडी टाकतो तसंच म्हणा की.

नाकासाठी मी एक उद्योग केला, तो मात्र करून बघा. आठवडाभर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातली एकेक गोष्ट डोळे मिटून हुंगायची आणि वहीत लिहायचं. चिंच, आमसूल, साधं व्हिनेगर, दोन दिवसांचं ताक, वाळवलेली अंबाडीची फुलं, बोरकूट, जास्त उकळलेला कोरा चहा. माळ्यावरून पोराचा तान्हा पोळ्याचा लाकडी नंदी काढला, तोही हुंगला. पोरगा आता इंजिनियरिंगला आहे, तो म्हणे आई, बरी आहेस नं?

२६ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी सातनंतरची वेळ ठरवली. त्या दिवशी सकाळचा तर्री पोहा बंद (नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता), कारण तर्री खाल्ली की जिभेचं दुपारपर्यंत काही खरं नाही. संध्याकाळी फोडणी नाही, उदबत्ती नाही, अंगाला सेंट नाही. टेबलावर साधं पाणी आणि फिके मुरमुरे. ग्लास म्हणजे लग्नात आलेले, वीस वर्षांत दोनदा वापरलेले वाईनचे. ते खायच्या सोड्याने धुतले, कारण भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास काचेला चिकटून राहतो आणि फेसही बसतो. बाटली अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढली. एकदम गार प्यायची नाही, ८ ते १२ अंशांच्या मधे. फ्रिजमधून काढली तर ७-८ असते, आणि नागपूरच्या एप्रिलात पुढचं काम हवा करते.

बूच शॅम्पेनसारखं, तारेच्या जाळीतलं. बेसिनवर धरून, वर टॉवेल टाकून, तोंड कुणाकडे न करता हळूहळू फिरवायचं. नवऱ्याने उत्साहात ओढलं, फट्ट आवाज आला आणि बूच एक्झॉस्ट फॅनवर. सासूबाई देवघरातून, "काय फुटलं वो?"

रंग बघून मी जरा वेळ थांबलेच. पिवळा नाहीच. कोऱ्या चहात अंबाडीचं पाणी घातल्यावर होईल तसा, तपकिरी आणि उजेडात धरला की लाल. फेस थोडा मळकट पांढरा, दोन मिनिटांत खाली बसला.

पहिला घोट. मी कितीही अभ्यास केला असला तरी खरं तेच लिहिते. वाटलं नासली आहे. जबडा आवळला, कानामागे झिणझिण्या आल्या. भाऊ समोर बसून माझ्याकडे बघत होता आणि मी सभ्यपणे गिळून म्हटलं, "छान आहे." तो हसत सुटला. "ताई, पहिला घोट मोजायचाच नाही. जीभ दचकते फक्त. तिसऱ्याला सांग." हे खरं निघालं आणि कुणी पहिल्यांदा पिणार असेल तर एवढं एक लक्षात ठेवा, पहिले दोन घोट चमचाभराचेच घ्यायचे, मधे मुरमुरे, आणि तिसऱ्याच्या आधी कुठलंही मत द्यायचं नाही.

तिसऱ्याला आंबटपणा मागे सरकला आणि त्याच्या मागचं दिसायला लागलं. आंबटही एकसारखं नाही, दोन प्रकारचं. एक गोल, ताकासारखं, जिभेच्या मधोमध बसणारं. एक टोकदार, नाकात जाणारं, ते व्हिनेगर. कडूपणा जवळजवळ नाहीच. मग मागून हलका गोडवा, गूळ करपायला लागतो त्याच्या एक क्षण आधीचा. मी सवयीने पीएच पेपर आणला होता. पट्टीवर तीन आणि चारच्या मधे, तीनच्या बाजूला. लिंबाचा रस याहून आंबट, दही याहून बरंच सौम्य. नवरा म्हणाला प्रॅक्टिकल संपलं असेल तर पिऊ का आता.

वासाने मात्र मला छळलं. ग्लासात नाक घातलं की काहीतरी ओळखीचं यायचं आणि निसटायचं. वहीतलं काहीच जुळेना. चिंच नाही, आमसूल नाही, नंदी थोडासा. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या आर्वीकडच्या, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या, दारूबंदीच्या मुलखातल्या, आणि आयुष्यात थेंब घेतला नाही. सरबत म्हणून सांगितलेलं लक्षात होतं त्यांच्या. ग्लास उचलला, तोंडाला लावायच्या आत मी ओरडले, "आई, नका, दारू आहे ती." शांतता. भावाने खाली बघितलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. नुसता हुंगला. परत हुंगला.

"हे तं अंबाडीच्या फुलाईचं सरबत आंबवलं कोणी. अन्..." तिसऱ्यांदा हुंगून, "कूलरच्या ताट्या. पहिल्या दिवशी पाणी टाकलं का येते, तो वास. फेकून दे वो, नासलं हे."

आणि बस्स, तेच होतं. मार्चअखेर वर्षभर बंद असलेला कूलर बाहेर काढायचा, लाकडाच्या भुशाच्या ताट्यांवर पाणी सोडायचं, पंखा सुरू केला की पहिली पाच मिनिटं जी हवा येते, ओलं जुनं लाकूड, थोडी धूळ, थोडी बुरशी, थोडं गवत, आणि तरीही ज्याने नागपूरच्या माणसाला बरंच वाटतं कारण त्याच्यामागे थंडावा येतो. घोड्याची घोंगडी, चामडं, तळघर, हे सगळे आठवडाभर माझ्या डोक्यात फिरत होते आणि उत्तर हॉलच्या खिडकीत गरगरत होतं. ओलं लाकूड आणि त्यात राहणारे सूक्ष्मजीव, इकडेही तेच नं. ओकच्या जागी आपला भुसा, एवढाच फरक.

त्यानंतर नाक सुटलंच. पुढच्या अर्ध्या तासात वहीत काय काय लिहिलं. बोरकूट, पण मीठ नसलेलं. उतरलेलं कवठ, जे फोडल्यावर आत थोडी दारू झाल्यासारखा वास येतो ते. ग्लास गरम व्हायला लागला तसं अगदी पुसट नेलपॉलिशसारखं काहीतरी, ते इथाइल ॲसिटेट, आम्ल आणि अल्कोहोल एकत्र आले की होणारं एस्टर, बारावीच्या पोरांना दरवर्षी शिकवते आणि कधी चाखलं नव्हतं. जास्त असेल तर दोष मानतात, इथे फक्त चाहूल. गिळल्यावर तुरटपणा, गालांच्या आतल्या बाजूला, जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरते त्याच्या पाव भागाइतका. तो लाकडाचा. चव तोंडात बराच वेळ राहते, मी घड्याळ लावलं नाही पण भावाने मधे एक फोन घेतला, तो संपला तरी होती.

ग्लास तीनदा थोडा थोडा भरा, एकदम नाही. गार असताना आंबट पुढे असतं, जरा कोमट झाली की लाकूड आणि गोडवा येतो, आणि त्याच्याही पुढे गेली, आपल्या हवेत ते वीस मिनिटांत होतं, की व्हिनेगर डोकं वर काढतं आणि मजा जाते. दुसरा ग्लास सगळ्यात चांगला होता.

खाण्याचं सांगते, कारण यात मी चुकले. भाऊ घरी आला की सावजी मटण होतंच, मला वाटलं फ्लँडर्सचे लोक मांसासोबत पितात तर आपलंही चालेल. नाही चाललं. सावजीच्या तिखटावर हे आंबट म्हणजे भाजलेल्या जागेवर लिंबू. नवऱ्याने दोन घोटांत पाण्याचा तांब्या संपवला. संत्रा बर्फीसोबत बियर इतकी आंबट लागली की ग्लास दूर ठेवावा लागला. जमली ती सांबारवडी. उन्हाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, महाग, तरी आईंनी भावासाठी केल्या होत्या. तेलकट खुसखुशीत वडी, आत कोथिंबीर-खोबरं, आणि वरून हा आंबट घोट, तेल एकदम धुतल्यासारखं. तिखट कमी ठेवा फक्त. आणि रिकाम्या पोटी पिऊ नका, आम्ल ते आम्लच, मला रात्री दोनला उठून थंड दूध प्यावं लागलं.

७५० मिली तिघांत संपली, दोन तास लागले. ६ टक्के म्हणजे अंगावर येणारी नाही, आणि आंबट असल्यामुळे भराभर पिताही येत नाही. आवडली का? पहिल्या घोटाला विचारलं असतं तर नाही. आता हो, पण दर शनिवारी नको, वर्षातून एकदा, जसं पहिल्या पावसात भजी. आईंना मी रविवारी सकाळी सॉरी म्हटलं, सरबत म्हणाले त्याबद्दल. त्या गहू निवडत होत्या. म्हणाल्या, दारूचं काही नाही, खोटं काहून बोलली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी सुपातले खडे वेचायला बसले.

गूझ राहिली आहे. ती ब्रसेल्सच्या आसपासची, तिच्यात यीस्टही कुणी टाकत नाही. उकळलेलं गरम पाणी, म्हणजे धान्याचा काढा, रात्रभर उघड्या पसरट हौदात गार व्हायला ठेवतात आणि हवेतून जे येईल त्याने ती आंबते. म्हणून फक्त थंडीच्या महिन्यांतच करतात, उन्हाळ्यात नको ते जंतू पडतात. मग पिंपांत एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली मिसळून बाटलीत भरतात, बाटलीत ती पुन्हा फसफसते. तळाशी गाळ असतो, म्हणून उघडायच्या आधी काही दिवस उभी ठेवायची आणि शेवटचा बोटभर भाग हलवायचा नाही. भाऊ म्हणतो नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. माझा परवाना एक वर्षाचा आहे, तेव्हा येत्या डिसेंबरात उघडू असं ठरलं, थंडीत, कूलर बंद असताना.

सध्या ती फ्रिजमध्ये खालीच आहे. कागद फाटला होता म्हणून आईंनी तिला जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलं, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसं, आणि वर पेनाने लिहिलं, 'सरबत नाही'.